दोन गुंठे उसातून वगळा



दसरा झाला की आपल्याकडे सगळ्यांचे कान कारखान्याच्या भोंग्याकडे लागतात. बॉयलर कधी पेटणार, गव्हाणीत मोळी कधी पडणार, टोळी आधी कुणाच्या फडात उतरणार, पहिला हप्ता किती निघणार. डेअरीवर, पारावर, गट ऑफिसच्या बाकावर दुसरा विषय नसतो. ते साहजिकही आहे, वर्षाची मिळकत त्या मोळीवर उभी आहे. परंतु याच तीन-चार आठवड्यांत आणखी एक काम असते. त्याची चर्चा कुणी करीत नाही, आणि त्याची वेळ एकदा गेली की वर्षभर परत येत नाही. हिवाळ्यासाठी घराभोवतीची जागा, परसबाग आणि गोठा तयार करण्याचे ते काम.

आपल्या कार्यक्षेत्रातल्या कुठल्याही वस्तीवर जाऊन पाहा. ऊस ओट्याला टेकलेला असतो. पूर्वी जिथे मिरच्यांचा वाफा होता, कुडावर घेवड्याचा वेल होता, न्हाणीच्या पाण्यावर आळू पोसलेले असे, तिथे आता सरी काढून टिपरी दाबलेली आहे. आणि त्याच घरची माउली आठवडी बाजारात मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करीत उभी! दारात पाण्याचा पाट वाहतो आणि कोथिंबीर विकत येते. याला बागायतदार म्हणायचं का, हा आमचा सरळ प्रश्न आहे.

आम्हांला हे जास्त खटकले ते पनवेल तालुक्यातली शेती पाहिल्यावर. आपल्यापैकी कित्येकांची पोरं कामोठे, कळंबोली, नवीन पनवेलला नोकरीधंद्याच्या निमित्ताने राहतात. त्यामुळे पनवेलला जाणे-येणे आपल्याला नवे नाही. पण आपण जातो ते फ्लॅटवर, आणि परत येतो ते एस.टी. स्टँडवरून. गोव्याच्या रस्त्याने शिरढोणच्या पुढे, कर्नाळ्याच्या आजूबाजूची खेडी आपण पाहत नाही. ती दिवाळीनंतर मुद्दाम पाहावीत.

तिथला शेतकरी आपल्या मानाने लहान. जमीन गुंठ्यात मोजावी इतकी. पाऊस मात्र तीन हजार मिलिमीटरच्या घरात, आणि तो सगळा जून ते सप्टेंबरात कोसळून मोकळा होतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस परतला की पुढे आठ महिने आभाळातून थेंब नाही. कॅनॉल नाही, उपसा सिंचन योजना नाही, बहुतेकांकडे बागायत होईल इतके विहिरीचे पाणीही नाही. भाताचे एक पीक घेऊन हात झाडून बसावे अशीच ही परिस्थिती. पण तो बसत नाही. भात कापून झाले, भारे खळ्यावर गेले, उडव्या रचल्या, की त्याच खाचरात तो वाल टाकतो. भाताच्या मुळाशी जी ओल राहिलेली असते ती, आणि पहाटेचे दव, एवढ्यावर तो वाल येतो. वरून एक घागर पाणी द्यावे लागत नाही. जानेवारीत शेंगा भरतात, फेब्रुवारी-मार्चात दाणा घरात येतो. शिवाय वाल हे द्विदल पीक, त्याच्या मुळावरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत धरतात. पुढच्या भाताला त्याचा फायदा आयताच होतो. बांधावर तूर असते ती वेगळीच.

यात खरी मेख आहे ती वेळेची. कापणीनंतर जमीन ओली आहे तोवरच वाल टाकला पाहिजे. आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे गेले, खाचराला भेगा पडल्या, की बी उगवत नाही. म्हणून भात शेतात उभे असतानाच त्या घरांत वालाचे बी निवडून, उन्हात तापवून, राख लावून ठेवलेले दिसते. हिवाळ्याची तयारी म्हणतात ती ही. आपल्याकडे पाणी बारमाही, त्यामुळे आपल्याला वेळेची ही धास्तीच उरलेली नाही. “करू पुढच्या पाळीला” हे वाक्य आपल्या तोंडी बसले आहे. पाळी येते, पुन्हा येते, आणि वाफा कोरडाच राहतो.

तिकडे थंडीत पोपटी लावतात, तेही सांगण्यासारखे आहे. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या कोवळ्या शेंगा, कांदे-बटाटे, कुणी अंडी, कुणी मसाला लावलेली कोंबडी. वर पुन्हा पाला दाबून मडके उपडे ठेवायचे आणि सभोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. अर्ध्या-पाऊण तासात सगळे शेंगांच्या वाफेवर शिजते. आपल्याकडे ज्वारीचा हुरडा तशी तिकडे पोपटी, शेजारीपाजारी एकत्र येण्याचे निमित्त. हुरडा आपल्याकडे आता किती ठिकाणी उरला आहे, हेही यानिमित्ताने प्रत्येकाने आपल्या गावापुरते आठवून पाहावे. ज्वारीच उसात गेली, तर हुरडा कुठून येणार? शहरातले लोक पैसे मोजून हुरडा पार्टीला जातात आणि आपली पोरंही आता त्यांच्याच रांगेत बसतात.

पनवेलचे सगळेच उचलावे असे मात्र आमचे म्हणणे नाही. तिकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात. झाडांच्या फांद्या, पाला, शेण पसरून जमीन जाळतात. झाडांचे त्यात नुकसान होते. पण पाचट पेटवणाऱ्या आपण त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. एकरी तीन-चार टन पाचट आपण एका काडीत धुरावर घालवतो, मग खताच्या दुकानात उधारीवर उभे राहतो.

तर पनवेलच्या या वालाचे पुढे काय झाले, ते ऊस उत्पादकांनी नीट ऐकावे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भाताची खाचरे, मिठागरे, सगळे त्यात आले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई-दास्तान फाटा भागात गोळीबार झाला, पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यामुळेच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच परिसरातल्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलवे, कोपर, चिंचपाडा, तरघर अशी गावेच्या गावे उठली. त्या गावांत मोबदला आला, इमारती आल्या, गाड्या आल्या. वाल मात्र आता बाजारातून येतो, कारण टाकायला खाचर नाही.

त्यांची जमीन गेली म्हणून त्यांचा वाल गेला. आपली जमीन जागेवर आहे, सातबाऱ्यावर नाव आपले आहे, पाणी आहे, आणि तरीही घरची भाजी गेली. आपल्यावर कुणी नोटीस बजावली नव्हती. आपण आपल्या हाताने, एकेक सरी वाढवत, ती घालवली. आमच्या मते सभासदांनी अंतर्मुख होऊन विचार करावा अशी ही गोष्ट आहे.

यावर ठरलेले उत्तर असते: “दोन गुंठे रिकामे ठेवून परवडत नाही.” तर आपण हिशेबच मांडू. एकरी ४० टनांचा उतार धरला तर गुंठ्याला एक टन ऊस येतो. दोन गुंठ्यांचा दोन टन. टनाला तीन हजार रुपये धरले तर सहा हजार झाले. तेही लागण, बेणे, खत, बांधणी, पाणीपट्टी वजा न करता, आणि आडसाली असेल तर सोळा-अठरा महिन्यांनी हातात येणारे. आता घरची भाजी धरा. पाच-सहा माणसांच्या घरात रोज पन्नास रुपयांची भाजी म्हटली, आणि आजच्या बाजारात पन्नासात काय येते ते घरात विचारा, तरी वर्षाचे अठरा हजारांच्या वर जातात. सगळी भाजी परसबागेत पिकणार नाही हे कबूल. निम्मी पिकली तरी नऊ हजार. म्हणजे परवडत नाही ते ऊस लावणे, वाफा सोडणे नव्हे.

पैशापेक्षा पैशाची वेळ महत्त्वाची. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत. ते कुठे मिळतात, कुठे रखडतात, हे सभासदांना आम्ही सांगायला नको. सोसायटीचे कर्ज वळते होऊन उरलेला हप्ता येईपर्यंत घर चालते ते दुधावर आणि दुकानदाराच्या वहीवर. त्या वहीतला भाजीपाल्याचा, लसूण-मिरचीचा आकडा कमी झाला तर हप्त्याला चार दिवस उशीर झाला तरी घरातले स्वास्थ्य टिकते. आम्ही परसबागेचा आग्रह धरतो तो हौस म्हणून नव्हे.

आता काय करायचं ते बोलू. जागा निवडताना पहिली गोष्ट तणनाशकाची. उसात आपण अॅट्राझिन आणि टू-फोर-डी सर्रास मारतो. टू-फोर-डीचा वारा जरी लागला तरी टोमॅटो, वांगी, घेवडा यांची पाने आकसून चिंबतात, आणि बाई म्हणते रोग पडला. रोग नव्हे, तो शेजारच्या सरीतला पंप. म्हणून परसबाग घराच्या आडोशाला, उसापासून काही अंतर राखून धरावी, आणि वारा घराकडे वाहत असेल त्या दिवशी पंप उचलूच नये. ज्या तुकड्यात यंदाच अॅट्राझिन मारले आहे तिथे मेथी-पालक टाकण्याची घाई करू नये, उगवण मार खाते. दुसरी गोष्ट सावलीची. दहा फूट ऊस दक्षिणेला उभा असेल तर हिवाळ्यातले तिरपे ऊन वाफ्यावर पोचतच नाही. लागणीच्या वेळीच हे ध्यानात घेतले तर सरीची दिशा आणि वाफ्याची जागा दोन्ही जमतात.

लसूण आत्ताच लावायचा. पाकळी टोक वर करून, बोटभर अंतराने. कांद्याचे रोप गादीवाफ्यावर टाकले की नोव्हेंबर-डिसेंबरात लावणीला येते. टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपे टाकली नसतील तर गावातल्या रोपवाटिकेतून पंचवीस-तीस आणली तरी घरापुरती पुष्कळ. टोमॅटोच्या ओळीत झेंडू लावावा, मुळावरच्या सूत्रकृमीला आळा बसतो आणि देवालाही फुले होतात. मेथी, पालक, कोथिंबीर एकदम सगळी टाकू नये. दर पंधरवड्याला एक लहान वाफा टाकावा म्हणजे होळीपर्यंत ताजी मिळत राहते. धणे मात्र चपलेखाली रगडून दोन फाडी करून टाकावेत, अख्खे टाकले की उगवायला उगीच वेळ घेतात. मुळा, गाजर, बीट जागेवरच टोकावे, यांची रोपे उपटून लावली की कंद वाकडे होतात. कुंपणावर वाल किंवा घेवडा सोडावा. न्हाणीचे पाणी गटारात न सोडता आळू, केळ आणि शेवग्याकडे वळवावे. यासाठी रात्रीच्या लाइटीची वाट पाहावी लागत नाही.

थंडी जास्त पडली, डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरू लागला, तर संध्याकाळी हलके पाणी द्यावे. ओली जमीन कोरडीपेक्षा उबदार राहते. रोपांच्या बुडाशी पाचटाचा थर द्यावा. ही थंडी उसाचा साखर उतारा चढवते, आपण तिचे स्वागत करतो. पण तीच पपईला आणि कोवळ्या वेलांना करपवते.

बियाण्याबद्दल थोडे. दुकानातली संकरित पाकिटे वाईट नाहीत, परंतु त्यांचे बी पुढच्या वर्षी धरता येत नाही, पुन्हा दुकान. वाल, घेवडा, दोडका, भोपळा, लाल माठ यांची गावरान वाणे अजून म्हाताऱ्या माणसांच्या गाडग्यांत शिल्लक आहेत, ती आजच मागून घ्यावीत. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना याच कामासाठी, गावरान बियाणे जपण्यासाठी, २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला. शाळेत न गेलेल्या शेतकरी बाईंनी जे घरात जपले ते दिल्लीला समजले, आपल्या घरातल्या गाडग्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक नसावे हे बरे नव्हे. वालामध्ये दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे सुधारित वाणही आहेत. तेही करून पाहायला हरकत नाही.

ज्यांची शेतीच वीस-पंचवीस गुंठे आहे, त्यांना दोन गुंठे वगळा म्हणणे जड जाईल हे आम्ही जाणतो. त्यांनी पूर्वहंगामी लागणीचा फायदा घ्यावा. १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या काळात लावलेला ऊस थंडीमुळे पहिले तीन महिने सावकाश वाढतो. साडेचार-पाच फुटी सरीत मधली जागा तोवर मोकळीच. तिथे कांदा, लसूण, हरभरा, कोबी, मेथी सहज निघते आणि बांधणीच्या आत रान मोकळे होते. फक्त एक सांगणे, आंतरपीक म्हणजे व्यापाऱ्याच्या टेम्पोत भरायचा माल असे समजून सगळे एकाच पिकाचे करू नका. दोन सऱ्या घरासाठी मिसळीच्या ठेवा.

गोठ्याकडे वळू, कारण हिवाळ्याची तयारी त्याशिवाय अपुरी. गळीत हंगाम सुरू झाला की फडातले वाढे फुकटात मिळते म्हणून पाच महिने जनावरांना दुसरे काही दाखवायचेच नाही, असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. वाढ्यात ऑक्झॅलिक आम्ल असते, ते जनावराच्या अंगातले कॅल्शियम बांधून टाकते. मग दूध घटते, गाय विल्यानंतर बसते, वेळेवर माजावर येत नाही, आणि आपण डॉक्टरला फोन लावतो. वाढे घालायचे तर कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून घालावे. दुभत्याला रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण द्यावे, आणि सोबत दुसरी वैरण असावीच. बांधावर थोडा लसूणघास किंवा परसबागेच्या कडेला शेवग्याचा पाला, हे याच कामाचे. लाळ-खुरकताची लस टोळ्या येण्याच्या आधी टोचून घ्यावी. बाहेरगावचे बैल आपल्या रस्त्याने, आपल्या पाणवठ्यावर येतात. त्यांनाही आपल्यापासून धोका आणि आपल्यालाही त्यांच्यापासून. वासरांच्या अंगाखाली कोरडे पाचट अंथरावे. दोन दिवसांनी तेच उकिरड्यात गेले की खत. गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने रात्री पोत्याचे पडदे सोडावेत, सकाळी मात्र उचलावेत. दिवसभर कोंदट ठेवलेला गोठा थंडीपेक्षा वाईट.

शेवटी ज्या गोष्टीवर घरोघर अडते ती बोललीच पाहिजे. परसबाग बाईची म्हणायची, पण जमीन, पाणी आणि मोटारीचे बटण गड्याच्या हातात. उसाला पाळी असली की वाफ्याचे पाणी तुटते. शेअर गड्याच्या नावावर, बिल त्याच्या खात्यावर, मग सरी कुठवर काढायची हेही तोच ठरवतो. आमचे म्हणणे असे की लागणीच्या आधी दोन गुंठ्यांच्या चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकण्याचे काम घरच्या माउलीने करावे, आणि ट्रॅक्टरवाल्याला त्या खुंट्यांच्या आत नांगर घालू देऊ नये.

कारखान्याकडेही आमची मागणी आहे. शेतकी खाते बेणे देते, रोपे देते, खते देते, सगळे उसासाठी. त्याच गाडीतून लागणीच्या नोंदीबरोबर प्रत्येक सभासदाच्या घरी लसूण, मेथी, वाल, पालक अशा चार-सहा बियाण्यांची एक पुडी गेली तर कारखान्याच्या ताळेबंदाला धक्का लागणार नाही. माती परीक्षण आपण करतोच, त्यात घराजवळच्या दोन गुंठ्यांचाही नमुना धरावा. आपल्या नदीकाठच्या खारपड रानांबाबतही एक सूचना आहे. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, तिथून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी खाऱ्या जमिनीत तग धरणारी भाताची वाणे निघाली आहेत. समुद्राचा खार आणि आपला अतिपाण्याचा खार एक नव्हे. तरीही ऊस न येणाऱ्या त्या रानांत काय पिकवता येईल हे विचारायला शेतकी खात्याने दोन माणसे पनवेलला पाठवावीत. गेलीच आहेत तर कापणीनंतरचा वालही पाहून यावा, आणि येताना पायलीभर बी घेऊन यावे. लागणीच्या नोंदी सुरू आहेत, पुड्या बांधायला अजून वेळ आहे.